तुरुंगातली विपश्यना : व्यसनमुक्ती की नवी गुंगी?

२०२३ च्या ऑगस्ट-सप्टेंबरात रायगडच्या किनाऱ्यावर समुद्राने चरसची पाकिटे आणून टाकली. श्रीवर्धन, हरिहरेश्वर, दिवेआगरच्या वाळूत पोलीस पाकिटे गोळा करीत फिरत होते. त्याआधी जुलै २०२१ मध्ये न्हावाशेवा बंदरात कंटेनरमधून आलेले सुमारे २९३ किलो हेरॉईन पकडले गेले, आणि डिसेंबर २०२३ मध्ये खोपोलीजवळ एमडी बनवणारा कारखानाच सापडला. ज्या जिल्ह्यात १९२७ साली बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले, त्या जिल्ह्याचा किनारा नशेच्या व्यापाऱ्यांनी आपली वहिवाटीची वाट करून टाकली आहे. या धंद्यात ज्यांचे कोट्यवधींचे भांडवल गुंतले आहे त्यांच्यापर्यंत कायद्याचा हात क्वचितच पोहोचतो. तुरुंगात जाऊन बसतो तो दुसराच. ज्याच्या खिशात गांजाची पुडी सापडते, जो हातभट्टी पिऊन बाजारात पडतो, जो तलफ भागवण्यासाठी मोबाईल किंवा तांब्याची तार चोरतो, तो. आमचा आजचा विषय तो माणूस आहे.

अलिबागचे जिल्हा कारागृह आंग्र्यांच्या हिराकोट किल्ल्यात आहे आणि तळोजाचे मध्यवर्ती कारागृह पनवेल तालुक्यात. आत कोण असते? राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाच्या २०२२ च्या अहवालाप्रमाणे देशातल्या तुरुंगांत ५ लाख ७३ हजारांवर माणसे होती आणि त्यांपैकी ७५ टक्क्यांहून अधिक कच्चे कैदी होते, म्हणजे ज्यांचा गुन्हा अजून सिद्धच झालेला नाही असे. अनुसूचित जातींचे प्रमाण लोकसंख्येत १६.६ टक्के, तुरुंगांत मात्र ते २० टक्क्यांच्या वर जाते. तेव्हा तुरुंगातल्या व्यसनी बंद्याचे काय करायचे हा प्रश्न आपल्या वस्तीचा, आपल्या वाडीचा प्रश्न आहे.

या प्रश्नाला आजकाल एक तयार उत्तर मिळते : ध्यान शिकवा. अमेरिकेत त्याला माइंडफुलनेस म्हणतात, आपल्याकडे विपश्यना. तुरुंग सुधारणेच्या कोणत्याही परिसंवादात हे नाव आले की टाळ्या पडतात. आपल्या चळवळीत मात्र दोन तट पडतात. एक तट म्हणतो, बुद्धाचा धम्म तुरुंगात पोहोचला, आता व्यसन पळालेच समजा. दुसरा म्हणतो, डोळे मिटून बसवण्याचा हा उद्योग म्हणजे आपल्या पोरांना थंड करण्याची युक्ती आहे. या शिबिरांत बाबासाहेब येत नाहीत, जात येत नाही, मग हा धम्म कोणाचा? आम्हाला दोन्ही तटांचे अर्धे म्हणणे मान्य आहे.

आधी जे झाले ते नीट सांगितले पाहिजे. भारतातल्या तुरुंगात विपश्यनेचे पहिले शिबिर १९७५ मध्ये जयपूरच्या मध्यवर्ती कारागृहात झाले. राजस्थानचे तेव्हाचे गृहसचिव राम सिंह यांनी त्यासाठी पुढाकार घेतला होता. शिबिराला काही बंदी बेड्या घालून आणले गेले. सत्यनारायण गोएंका गुरुजी पुढे हा प्रसंग सांगत असत : बेड्या घातलेल्या माणसाला आपण धम्म शिकवणार नाही, असे त्यांनी तिथे अधिकाऱ्यांना सांगितले आणि बेड्या काढल्या गेल्या. पुढे किरण बेदी तिहारच्या प्रमुख असताना १९९३ मध्ये तिथे शिबिर झाले आणि एप्रिल १९९४ मध्ये हजारावर बंदी एकाच वेळी दहा दिवस मौनात बसले. तिहारमध्ये कायमचे केंद्र झाले. महाराष्ट्रात नाशिकरोडच्या मध्यवर्ती कारागृहातही शिबिरे झाली. इगतपुरीचे केंद्र तर १९७६ पासून त्याच जिल्ह्यात आहे.

व्यसनाच्या बाबतीत प्रत्यक्ष मोजमाप झाले ते अमेरिकेत. सिएटलजवळच्या नॉर्थ रिहॅबिलिटेशन फॅसिलिटी या तुरुंगात १९९७ पासून दहा दिवसांची विपश्यना शिबिरे सुरू झाली. वॉशिंग्टन विद्यापीठातले व्यसनशास्त्राचे प्राध्यापक अ‍ॅलन मार्लेट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिथल्या बंद्यांची माहिती गोळा केली. २००६ मध्ये निष्कर्ष छापले गेले : सुटकेनंतर तीन महिन्यांनी विपश्यना केलेल्यांमध्ये दारू, गांजा आणि क्रॅक कोकेनचे सेवन इतर बंद्यांपेक्षा कमी आढळले. निष्कर्ष चांगला आहे, पण वकिलाच्या नजरेने पाहिले तर पुराव्यात एक भोक आहे. शिबिरात बसायचे की नाही हे बंद्यांनी स्वतः ठरवले होते, चिठ्ठ्या टाकून गट पाडले नव्हते. ज्याला सुटायचेच आहे तोच शिबिराला नाव देतो, असे कोणी म्हटले तर त्याला गप्प करता येत नाही. आणि तो तुरुंग २००२ मध्ये बंदही झाला. पुढे याच मंडळींनी व्यसन परत जडू नये म्हणून आठ आठवड्यांचा अभ्यासक्रम बांधला, त्याच्या नीट चाचण्या झाल्या आणि त्यांतून काही फायदा दिसला. जादू दिसली नाही.

फायदा का होतो, हे मात्र आपल्या लोकांना परक्यांकडून शिकायची गरज पडू नये. तलफ म्हणजे काय? छातीत धडधड, तोंडाला कोरड, हातापायांत मुंग्या, डोक्यात एकच विचार. व्यसनी माणसाला वाटते ही तलफ भागवली नाही तर ती वाढतच जाईल आणि आपण मरू. तथागतांनी प्रतीत्यसमुत्पादात सांगितले की वेदनेतून तृष्णा जन्मते आणि तृष्णेतून उपादान, म्हणजे घट्ट पकड. वेदना आणि तृष्णा यांच्यामध्ये एक फट आहे. त्या फटीत माणूस जागा राहिला, श्वासाकडे आणि शरीराकडे पाहत राहिला, तर त्याला दिसते की तलफ चढते, टोकाला जाते आणि उतरते. कोळ्याला हे समजावून सांगावे लागत नाही. लाट अंगावर घ्यायची नसते, तिच्यावर होडी ठेवायची असते, हे त्याचे रोजचे ज्ञान आहे. मार्लेटनेही तलफेवर स्वार होण्याची हीच उपमा वापरली, फक्त त्याच्या डोळ्यांपुढे फळीवर उभे राहून लाटेवर घसरणारे खेळाडू होते.

पण पश्चिमेने धम्मातून सती उचलली आणि शील बाजूला ठेवले. १९७९ मध्ये मॅसॅच्युसेट्स विद्यापीठात जॉन कबात-झिन यांनी ताणतणाव कमी करण्याचा वर्ग सुरू केला, तेव्हा रुग्णांना धर्माचे वावडे होऊ नये म्हणून धम्माचे नाव मुद्दाम गाळले. रुग्णालयात ते समजण्यासारखे आहे. आज मोठमोठ्या कंपन्या नोकरांना बारा तास राबवून वर अर्धा तास सजगता शिकवतात. अष्टांग मार्गात सम्यक सतीच्या आधी सम्यक आजीविका येते, हे कोण सांगणार? आणि पाचवे शील तर सरळ नशेविषयीच आहे. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला बाबासाहेबांनी जनसमुदायाकडून बावीस प्रतिज्ञा वदवून घेतल्या, त्यांत दारू न पिण्याची प्रतिज्ञा आहे. प्रतिज्ञा हजारो लोकांनी एकमेकांच्या साक्षीने घेतली होती. एकट्या माणसाने भिंतीकडे तोंड करून घेतलेल्या श्वासात ही साक्ष नसते.

इथे सरकारचा हिशेब मांडल्याशिवाय पुढे जाता येणार नाही, कारण व्यसनी माणसाला तुरुंगात टाकणारे आणि त्याला दारू विकून तिजोरी भरणारे एकच सरकार आहे. हा खेळ या किनाऱ्यावर जुना आहे. इंग्रजांच्या काळी उरणला मोहाच्या दारूच्या भट्ट्यांची रांग होती. मालक पारशी व्यापारी, गिऱ्हाईक मुंबई आणि कर सरकारचा. १८७८ च्या अबकारी कायद्यानंतर ताडाच्या झाडावरचा कर वाढत गेला आणि १८९२ च्या कायद्याने ठाणे-कुलाबा भागात मोहाची फुले बाळगण्यावरच बंधने आली. ज्याच्या दारात मोहाचे झाड त्याच्या घरातले फूल गुन्हा, आणि परवान्याच्या भट्टीतली दारू महसूल! स्वातंत्र्यानंतर १९४९ चा दारूबंदी कायदा आला. तो आजही लागू आहे आणि त्याच्याच छत्राखाली परमिट रूम सुखाने चालतात. शनिवार-रविवारी अलिबाग, काशीद, मुरूडच्या फार्महाऊसवर मुंबईची गाडीभर दारू रिचवली जाते, तिथे छापा पडल्याचे आम्ही फारसे ऐकत नाही. वीटभट्टीवर उचल घेऊन राबणाऱ्या कातकऱ्याच्या झोपडीतला पाच लिटरचा कॅन मात्र पंचनाम्यात हमखास सापडतो.

बाबासाहेबांची या बाबतीतली भूमिका आपल्यातल्या अनेकांना ठाऊक नाही. शेड्यूल्ड कास्ट फेडरेशनच्या १९५१ च्या जाहीरनाम्यात सरकारी दारूबंदीला विरोध होता. तिच्यासाठी महसूल बुडवणे हा वेडेपणा आहे, असा रोख होता. त्याच बाबासाहेबांनी पाच वर्षांनी आपल्या लोकांना दारू सोडण्याची प्रतिज्ञा दिली. यात विसंगती शोधणाऱ्यांनी शोधावी. आम्हाला यात कायदेपंडित दिसतो : पिणाऱ्याच्या पाठीमागे पोलीस लावून समाज सुधारत नाही, तो शीलाने आणि संघटनेने सुधारतो.

आता तुरुंगाच्या दारातले वास्तव. रोज दारू पिणारा माणूस अटक होतो तेव्हा त्याची दारू एका क्षणात बंद होते. सहा-आठ तासांत हात थरथरू लागतात, घाम येतो, झोप उडते. एक-दोन दिवसांत झटके येऊ शकतात. दुसऱ्या ते चौथ्या दिवशी काहींना भ्रम होतो; भिंतीवर किडे दिसतात, नसलेली माणसे दिसतात, ताप चढतो, आणि उपचार न मिळाल्यास यात माणूस मरतो. कोठडीतल्या शिपायाला वाटते नाटक करतोय. यावर उपाय आहे आणि तो महाग नाही : थरथर आणि झटके आवरणारी औषधे, बी-१ जीवनसत्त्वाचे इंजेक्शन, पाणी आणि डॉक्टरची नजर. त्या चार दिवसांत कोणी त्या माणसाला श्वासावर लक्ष दे म्हणून सांगू लागला तर तो धम्म नव्हे, ती हेळसांड आहे. गर्दच्या व्यसनाचेही तसेच. त्यासाठी बुप्रेनॉर्फिनसारखी औषधे आहेत. पुण्याच्या मुक्तांगणने १९८६ पासून महाराष्ट्राला शिकवले की व्यसन हा आजार आहे, आधी शरीर सावरावे लागते, मग मनाचे काम. तुरुंगाच्या दाराशी ही अक्कल का अडावी?

कायदा तर आणखी पुढे गेला आहे. अमली पदार्थविरोधी कायदा १९८५ चा. त्याच्या कलम ३९ प्रमाणे, सेवनाच्या किंवा अल्प प्रमाणातल्या मालाच्या गुन्ह्यात दोषी ठरलेला माणूस व्यसनी असेल तर न्यायालय त्याच्या संमतीने त्याला शिक्षेऐवजी सरकारी किंवा मान्यताप्राप्त केंद्रात उपचारासाठी सोडू शकते. कलम ६४-अ प्रमाणे, असा व्यसनी आरोपी स्वतःहून उपचार घ्यायला तयार झाला तर त्याच्यावरचा खटलाच टळू शकतो; उपचार अर्धवट सोडले तर हे संरक्षण जाते. गांजाच्या बाबतीत अल्प प्रमाण म्हणजे एक किलोपर्यंत, चरस १०० ग्रॅम, हेरॉईन ५ ग्रॅम. किती आरोपींना हे सांगितले जाते? गुन्हा कबूल कर, दंड भर, मोकळा हो, असा सल्ला कोर्टाच्या व्हरांड्यात सर्रास मिळतो. पोरगा कबुली देतो, दंडासाठी आई डोरले गहाण टाकते आणि व्यसन जिथल्या तिथे राहते. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने दारू आणि अमली पदार्थांच्या व्यसनाशी निगडित अवस्थांना मानसिक आजाराच्या व्याख्येत घेतले. त्याच कायद्याच्या कलम १०३ ने तुरुंगाच्या वैद्यकीय अधिकाऱ्यावर दर तिमाहीला मंडळाकडे अहवाल पाठवण्याची जबाबदारी टाकली आणि प्रत्येक राज्यात निदान एका तुरुंगाच्या वैद्यकीय विभागात मानसिक उपचार केंद्र उभारायला सांगितले. कलमे छापील आहेत. ती मागणारा माणूस हवा.

जामिनाचेही तसेच. नोव्हेंबर २०२० मध्ये एका प्रसिद्ध वृत्तवाहिनीचे संपादक अर्णब गोस्वामी यांना अलिबागच्या प्रकरणात अटक झाली. ४ तारखेला अटक, ११ तारखेला सर्वोच्च न्यायालयाचा अंतरिम जामीन. व्यक्तिस्वातंत्र्यावर त्या निमित्ताने जे लिहिले गेले ते उत्तमच आहे, आमची त्याबद्दल तक्रार नाही. आमचे म्हणणे एवढेच की पंधरा हजारांचा जामीनदार मिळत नाही म्हणून आत पडून राहिलेल्या वाडीतल्या पोरालाही ते स्वातंत्र्य तेवढेच लागू आहे. जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४७९ ने पहिल्याच गुन्ह्यातल्या कच्च्या कैद्याला कमाल शिक्षेच्या एकतृतीयांश काळ आत काढल्यावर, काही गंभीर गुन्हे आणि अपवाद सोडून, सुटकेचा मार्ग दिला आहे. सर्वोच्च न्यायालयाने त्याच वर्षी ऑगस्टमध्ये हा लाभ जुन्या प्रकरणांनाही दिला. ज्याची सुटका कायद्याने देय आहे त्याला ती न देता त्याच्या हाती श्वास देणे, हे जयपूरच्या उलट झाले. तिथे आधी बेड्या निघाल्या होत्या.

शिवाय तुरुंगाच्या आत जात आहेच. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी सुकन्या शांता यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने कारागृह नियमावल्यांमधली जातीवर आधारलेली कामाची वाटणी घटनाबाह्य ठरवली आणि बंद्यांच्या नोंदवहीतला जातीचा रकाना काढायला सांगितला. घटना लागू होऊन पंचाहत्तर वर्षे होत आली तेव्हा! कोणी झाडू मारायचा आणि कोणी स्वयंपाकघरात जायचे हे जातीवरून ठरवणाऱ्या बराकीत सकाळी सहा वाजता सर्वांना एका रांगेत ध्यानाला बसवले, तर त्या शांततेचा अर्थ काय घ्यायचा?

म्हणून विपश्यना नको, असे आम्ही म्हणणार नाही. बाबासाहेबांनी ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात पतित आणि गुन्हेगारांच्या धम्मदीक्षेसाठी स्वतंत्र भाग लिहिला. अंगुलिमालाची कथा त्यात आहे. गुन्हेगाराला धम्माची दारे बंद नाहीत, हे त्यांनी स्पष्ट केले. तथागतांनी अंगुलिमालाला संघात घेतले आणि राजा प्रसेनजित शिपाई घेऊन आला तेव्हा त्याच्या बाजूने उभे राहिले. संघ पाठीशी होता म्हणून अंगुलिमाल बदलू शकला. आमच्या मते सगळे इथे येऊन ठेपते.

दहा दिवसांचे शिबिर हिराकोटसारख्या जिल्हा कारागृहात घेणे कठीण असते. कच्च्या कैद्याची तारीख मध्येच येते, कोणी जामिनावर सुटतो, नवे येतात, बराकी भरलेल्या. शिबिरे मध्यवर्ती कारागृहांत शिक्षा भोगणाऱ्यांना मिळतात, आणि व्यसनी पोरे बहुतेक जिल्हा कारागृहात कच्ची असतात. तिथे रोज सकाळ-संध्याकाळ वीस मिनिटांचे आनापान चालू शकते, पण ते स्वेच्छेने असावे. मुसलमान बंद्याला, ख्रिस्ती बंद्याला, ज्याला कशातच रस नाही त्यालाही, नाही म्हणण्याचा पूर्ण अधिकार हवा आणि नाही म्हटल्याबद्दल त्याची मुलाखत किंवा सवलत अडता कामा नये. धम्म जबरदस्तीने वाटण्याची आपली परंपरा नाही. बाबाबुवांच्या प्रवचनांची तुरुंगात जी सक्तीची हजेरी लागते तिच्या रांगेत आपण जाऊन बसू नये.

खरी कसोटी सुटकेनंतर. वॉशिंग्टन राज्यातल्याच सुटलेल्या बंद्यांचा एक अभ्यास २००७ मध्ये प्रसिद्ध झाला. सुटल्यावर पहिल्या दोन आठवड्यांत नशेच्या अतिसेवनाने मरण्याचा धोका सामान्य माणसाच्या सुमारे १२९ पट आढळला. कारण साधे आहे : आत असताना शरीराची सवय मोडते, बाहेर आल्यावर माणूस जुन्याच मापाने घेतो आणि ते माप आता त्याला झेपत नाही. म्हणजे हिराकोटच्या दारातून पोरगा बाहेर पडतो त्या दिवसापासूनचे पंधरा दिवस सगळ्यांत घातक. त्या पंधरा दिवसांत त्याला घ्यायला कोण उभे असते? बहुधा जुने मित्र, बाटली घेऊन. आपल्या तालुक्या-तालुक्यांत विहारे आहेत. त्यांत जयंतीचे ढोल ठेवलेले असतात, निवडणुकीत बैठका होतात, वर्षावासात ग्रंथवाचन होते. सुटलेल्या पोराला पंधरा दिवस रोज संध्याकाळी विहारात बसवणे, त्याच्यासोबत त्रिशरण-पंचशील घेणे, त्याच्या औषधाची वेळ पाळणे, त्याला सरकारी रुग्णालयात नेणे, एवढे काम कोणत्याही गावच्या बौद्ध पंचायतीला झेपेल. त्याच्या बायकोला किंवा आईला या सगळ्यात आधी विचारावे. मार तिने खाल्लेला असतो आणि पोरगा घरी परत घ्यायचा की नाही हे ठरवण्याचा हक्क तिचा आहे. विहारातल्या उपासिकांनी हे काम हाती घेतले तर ते नीट होईल, पुरुषांच्या समित्यांचा अनुभव आम्हाला पुरेसा आहे.

कायद्याची बाजू जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून मागता येते. १९८७ च्या कायद्याच्या कलम १२ प्रमाणे अनुसूचित जाती-जमातीच्या व्यक्तीला आणि कोठडीतल्या कोणालाही उत्पन्न न पाहता मोफत वकील मिळतो. त्या वकिलाकडे कलम ३९ आणि ६४-अ खाली अर्ज करण्याचा आग्रह धरावा.

आणि तोवर प्रत्येक तालुक्यातून एक माहितीचा अर्ज जावा. कारागृहाच्या जनमाहिती अधिकाऱ्याला चार गोष्टी विचाराव्यात : गेल्या तीन वर्षांत दाखल होताना किती बंद्यांची व्यसनी म्हणून नोंद झाली, त्यांपैकी किती जणांवर पहिल्या आठवड्यात वैद्यकीय उपचार झाले, कलम १०३ खालचे तिमाही अहवाल कोणत्या तारखांना पाठवले गेले, आणि ध्यानाचा, योगाचा किंवा प्रवचनाचा कोणता कार्यक्रम कोणत्या संस्थेने, कोणाच्या आदेशाने घेतला. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावावा, दारिद्र्यरेषेखालच्या अर्जदाराला तोही लागत नाही. उत्तर ३० दिवसांत यायला हवे, न आल्यास पुढच्या ३० दिवसांत पहिले अपील करावे. अर्जाचा मसुदा आम्ही तयार करून ठेवला आहे. अलिबाग, पेण, माणगाव, महाड, श्रीवर्धनच्या ज्या कार्यकर्त्यांना तो हवा असेल त्यांनी कोर्टाच्या दिवशी बार रूममध्ये येऊन न्यावा, सोबत येताना तालुक्यातून आत असलेल्या पोरांची यादी आणावी.